सहा मिनिटं आणि चार सेकंद

"सर, किती वाजले?" असं कोणी विचारलं की सर आधी उलट विचारायचे, "कायले पाह्यजे?"

चहाला जायचं असेल तर म्हणायचे, "झाले साडेदहा, जा." तास संपायला किती वेळ आहे असं पोरांनी विचारलं तर, "हाये अजून." आणि एखाद्या मशीनचं घड्याळ लावायचं असेल तर मात्र खिशातून मोबाइल काढायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि सांगायचे, "दहा वाजून एकोणतीस मिनिटं, अन् मी 'आता' म्हणीन तवा चाळीस सेकंद." मग बोट वर करून थांबायचे. समोरचा माणूसही श्वास धरून थांबायचा. "आता!"

त्यांचं म्हणणं असं की वेळ सगळ्यांना एकाच मापानं देऊ नये. "चहाले सेकंद लागत नाही. उगाच कायले द्यायचे?"

मी त्या कॉलेजात दोन वर्षं होते. वाशिमच्या बाहेर, जिथं गाव संपून सोयाबीनची शेतं सुरू होतात, तिथं ते कॉलेज. लहानसंच. कॉम्प्युटर विभागात आम्ही चार माणसं. सर विभागातले सगळ्यांत जुने आणि मी सगळ्यांत नवी, तासिका तत्त्वावर घेतलेली. मी अनसिंगहून रोज जायची. सर मेडशीहून यायचे, काळीपिवळीनं. म्हणजे भरली की निघणाऱ्या जीपनं. एवढा वेळेचा माणूस आणि जीपला वेळच नाही, याची आम्ही चेष्टा करायचो. सर म्हणायचे, "तिले टाइम कसा नाही? अकरा माणसं झाले की निघते. घड्याळ नसते तिच्यापाशी, माणसं असते." आणि खरोखर, अकरावा माणूस कोण आणि तो कुठल्या दिवशी किती वाजता येतो हे त्यांना इतकं ठाऊक होतं की ते कधीच उशिरा पोचले नाहीत.

हातात घड्याळ बांधत नव्हते. का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "अंगाच्या गरमीनं त्याची चाल बदलते," म्हणाले. मला तेव्हा ते विक्षिप्तपणाचं वाटलं. नंतर कळलं की ते खरं आहे.

त्यांची एक वही होती. लांबट, तपकिरी कव्हर घातलेली. लॅबच्या दोन खोल्यांतल्या पंच्याऐंशी मशीनांपैकी प्रत्येकाला तिच्यात एक पान. सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधी जे पिप् पिप् ठोके वाजतात ते ऐकून सर आधी आपला मोबाइल तपासायचे, मग लॅबमधून एक फेरी मारायचे आणि कुठलं मशीन किती पुढे, किती मागे ते लिहायचे. वर्षानुवर्षं.

"हे पाचवं पाहा," त्यांनी मला दाखवलं होतं. "रोज तीन सेकंद पुढं पयते. अन् हे अकरावं, दोन सेकंद मागं. एका खोलीतले, एका दिवशी आलेले, सारखेच."

"काहून असं, सर?" मीही त्यांच्याशी बोलताना वऱ्हाडीवर यायची.

"आतमधी एक खडा असते बारीक. त्याच्या थरथरीवर घड्याळ चालते. आता खड्याखड्याचा सभाव येगळा. अन् उन्हाळ्यात त सभाव अजूनच बिघडते. मे महिन्याचं पान पाहा."

मे महिन्याचं पान मी पाहिलं. आपल्याकडे मे महिन्यात माणसांचं जे होतं तेच मशीनांचंही झालेलं दिसत होतं.

"पण इंटरनेटवरून वेळ आपोआप लागते ना?"

"लागते. लाइन असली त. आपली लाइन पाहुण्यावाणी येते, मॅडम. आली त आली."

ते ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवायचे. हा विषय पोरांना कोरडा वाटतो; मलाही शिकताना वाटला होता. एकदा त्यांच्या वर्गाबाहेरून जाताना मी थांबले आणि तास संपेपर्यंत दारातच उभी राहिले. सर फळ्यावर एक चौकोन काढून सांगत होते.

"हा कर्नेल. कॉम्प्युटरचा गाभा. समजा, तहसीलदाराची खोली. तुमाले आत घुसता येत नाही. तुमचा कोणताच प्रोग्रॅम आत घुसू शकत नाही. मंग काम कसं करायचं? खिडकीवर जायचं. अर्ज नीट भरायचा. खिडकीतून सारायचा. त्याले पटलं त तो काम करते, नाही त कागद वापस. या अर्जाले म्हणते सिस्टिम कॉल."

पोरं हसत होती, पण लिहून घेत होती.

"घड्याळ याच खोलीत आहे. त्याच्यासाठी दोन अर्ज आहे. एका अर्जात तुमी म्हणता, घड्याळात इतके वाजवा. लगेच वाजवते. दुसऱ्या अर्जात म्हणता, काटे सरकवू नोका, फक्त चाल जराशी कमी करा, नाही त जराशी वाढवा. हळूहळू येते मंग ते बरोबर टायमावर. पहिला अर्ज सोपा आहे म्हणून सारे तोच भरते."

"दुसरा कवा भरायचा, सर?" एका मुलीनं विचारलं. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची मुलगी, वाशिमला होस्टेलवर राहायची.

"जवा आतमधी कोणी काम करून राह्यलं असन तवा," सर म्हणाले आणि खडू ठेवून हात झटकले.

त्यांच्या अशा वागण्याच्या खूप गोष्टी कॉलेजात चालायच्या. पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेत अकरा पस्तीस छापलं होतं आणि लग्न लागलं पावणेदोनला. सगळे नातेवाईक खुशीत आणि सर एका खुर्चीत बसून भावाला शांतपणे समजावत होते, "मी म्हणत नाही लवकर लावा. पण टाइम छापता कायले? 'जेवणाच्या आधी' असं छापा. खरंही होते अन् लोकंही येते." पुढच्या वर्षी दुसऱ्या पुतणीच्या पत्रिकेत भावानं खरंच तसं छापलं. लोक म्हणतात त्या लग्नाला सगळे वेळेवर आले.

उशिरा आलेल्या पोरांना ते कधी रागावले नाहीत. खेड्यापाड्यांतून येणारी पोरं. कोणाची बस हुकली, कोणी सकाळी शेतात फवारा मारून आलेलं. पोरगं दारात दिसलं की सर बोलणं थांबवायचे, ते बसेपर्यंत वाट पाहायचे आणि शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायचे. एवढंच.

एकदा हिवाळ्यात आम्ही दुपारी मागच्या लिंबाखाली शेंगा खात बसलो होतो. मी सहज विचारलं, "सर, हे घड्याळाचं वेड तुम्हाला कॉलेजात असताना लागलं का?"

"नाही. तिसरीत," सर म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. रागानं नाही, शेंगा फोडता फोडता. आईबाप दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायचे. सांजच्याला पाच वाजता सुटी. गावात मनगटी घड्याळ एकट्या मालकाकडे. तिसरीत गुरुजींनी घड्याळ वाचायला शिकवलं तेव्हा सरांना कोण आनंद झाला. एक दिवस शाळेतल्या घड्याळात पाच वाजून गेलेले पाहून ते बापाला आणायला पळत वावरात गेले. बघतात तर सगळी माणसं अजून वाकलेली. मालक बांधावर बसलेला. सरांनी जवळ जाऊन त्याच्या मनगटाकडे पाहिलं. सव्वाचार.

"मी बापाले सांगतलं, बाबा, त्याचं घड्याळ चुकलं. बाप म्हणला, गप राय. चुकलं नाही. पण घड्याळ त्याचं हाये."

एवढं सांगून सरांनी टरफलं गोळा केली आणि तासाला गेले.

त्यानंतरची गोष्ट पुढच्या शैक्षणिक वर्षातली. तिच्यात माझा भाग आहे, म्हणून ती नीट सांगते.

दिवाळी तोंडावर आली होती. विद्यापीठाची ऑनलाइन परीक्षा आमच्या लॅबमध्ये होती. ब्याऐंशी मुलं, दोन खोल्या, अकरा ते एक. परीक्षेच्या दिवशी बाहेरची लाइन तोडून टाकतात, म्हणजे पोरांना बाहेरचं काही उघडता येऊ नये. सगळी मशीनं आतल्या एका सर्व्हरला जोडलेली असतात, प्रश्न तिथून येतात आणि उत्तरं तिथं जातात. पेपर उघडायचा पासवर्ड बरोबर अकराला प्राचार्यांच्या फोनवर येणार होता. आणि सर्व्हरच्या घड्याळात एक वाजला की पेपर आपोआप बंद होणार होता, मग तो कधीही उघडलेला असो.

सकाळी नऊ वाजता लाइट गेली. बॅटऱ्या थोडा वेळ टिकल्या आणि सर्व्हर बंद पडला. सर जनरेटरकडे धावले. तो चालू व्हायला पाऊण तास लागला. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याच्या घड्याळात कुठल्यातरी जुन्या वर्षातली एक जानेवारी होती. आतला लहानसा सेल संपला होता. नवा मागवा म्हणून सरांनी दोनदा अर्ज दिला होता, तो यायचा होता. सरांनी जनरेटरजवळून मला ओरडून सांगितलं, "मॅडम, तेवढा टाइम लावून घ्या!"

आम्हाला फोन बाहेर जमा करायला लावले होते. प्राचार्य आणि सर, दोघांकडेच फोन होता. मी ऑफिसच्या दारातून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ लावली.

आमचे शिपाई मामा ते घड्याळ पुढे ठेवायचे, म्हणजे प्राध्यापक वर्गावर वेळेत जातील. हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण त्या घाईत मला ते आठवलं नाही, आणि सर आत येऊन "लावला?" म्हणाले तेव्हा मी "हो" म्हटलं. ते परत जनरेटरकडे गेले.

अकराला पासवर्ड आला. पेपर सुरू झाला.

दहा-बारा मिनिटांनी त्या तांड्यावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, पेपर आताच सुरू झाला ना? मग एक तास बेचाळीसच मिनिटं कशी उरली?"

मी पडद्याकडे पाहिलं आणि मला भिंतीवरचं घड्याळ आठवलं. मी जाऊन सरांना बोलावून आणलं. मागोमाग प्राचार्यही आले. सर सर्व्हरपुढे बसले, खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्हीकडे पाहत राहिले.

"सहा मिनिटं चार सेकंद पुढं," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं.

"म्हणजे पोरांची सहा मिनिटं जाणार," प्राचार्य म्हणाले. माणूस भला, पण परीक्षेच्या दिवशी त्यांचा रक्तदाब वाढलेला असायचा. "मग मागे घ्या ना! एका कमांडचं काम आहे."

मी सर्व्हरच्या कीबोर्डकडे हात नेला. चूक माझी होती, निदान ती मीच दुरुस्त करावी असं वाटलं.

"हात काढा, मॅडम. नोका करू."

सर कधी वरच्या आवाजात बोलायचे नाहीत, तेव्हाही नाही बोलले. पण मी हात काढला.

"पोरं उत्तरं देऊन राह्यले," ते प्राचार्यांना म्हणाले. "एकेका उत्तरावर टाइम पडून राह्यला. पोरानं उत्तर बदललं की प्रोग्रॅम दोनी टाइम पाह्यते अन् जे नंतरचं असन ते ठेवते. आता मी घड्याळ सहा मिनिटं मागं नेलं, त आतापासून पुढच्या सहा मिनिटांत जे पोरं उत्तर बदलतीन, त्याईचं नवं उत्तर जुनं दिसन. फेकून देईन तो. पोराले समजनही नाही."

"मग पेपर थांबवू? विद्यापीठाला कळवू, फेरपरीक्षा मागू."

"फेरपरीक्षा जानेवारीत होईन. तवा यातले वीस-पंचवीस पोरं कुठी राहतीन माहीत आहे तुमाले? दिवाळी झाली की मायबापासोबत ऊसतोडीले जाते ते. वर्ष गेलं त्याईचं."

प्राचार्यांनी हातातला फोन खिशात टाकला.

"घड्याळ मागं नेत नाही," सर म्हणाले. "हळू चालवतो."

पुढची काही मिनिटं मी त्यांना पाहत होते. त्यांनी बाजूच्या रिकाम्या मशीनवर दहा-बारा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. कर्नेलला द्यायचा तो दुसरा अर्ज. कर्नेलचं घड्याळ सेकंदाला शंभर ठोके धरतं आणि दर ठोक्याला, सेकंदाचे दहा लाख भाग धरले तर, दहा हजार भाग पुढे सरकतं. सरांनी लिहिलं, नऊ हजार. याहून खाली तो जाऊ देत नाही. म्हणजे दहा सेकंदांत एक सेकंद मागे पडणार, एका तासात सहा मिनिटं. पण प्रत्येक सेकंद आधीच्या सेकंदानंतरच येणार. एकही वेळ दुसऱ्यांदा वाजणार नाही.

त्या रिकाम्या मशीनवर त्यांनी शंभर सेकंद चालवून पाहिलं. नव्वद मोजले गेले. मग उठून सर्व्हरवर गेले, प्रोग्रॅम नेला, पुन्हा एकदा वाचला. "अकरा बावीस," ते मला म्हणाले. "लिहा." आणि बटण दाबलं.

कुठंच काही झालं नाही. पोरं लिहीत होती. पंखे फिरत होते.

सरांनी दोन्ही खोल्यांतल्या फळ्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सर्वांना पूर्ण दोन तास मिळतील.' मग परत येऊन सर्व्हरपुढे बसले आणि दर पाच मिनिटांनी मला आकडे सांगू लागले. साडेपाच मिनिटं पुढे. पाच मिनिटं पुढे. मी लिहीत गेले.

मध्येच एका पोरानं हात वर केला. "सर, घड्याळ हळू चालून राह्यलं!"

"चालू दे. तुयाच कामाचं आहे," सर म्हणाले. "पेपर लिही."

बारा वाजून बावीस मिनिटं आणि चाळीस सेकंदांनी सर्व्हर आणि सरांचा मोबाइल एका रेषेत आले. सरांनी नऊ हजारांचे पुन्हा दहा हजार केले. एक वाजता पेपर बंद झाला. पोरं हसत-भांडत बाहेर पडली. तेव्हा कुठं सरांनी माठातलं पाणी घेतलं, सलग दोन ग्लास.

मला वाटलं, संपलं.

दुपारी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. ते खुशीत होते. "छान निभावलं. आता हे कुठं लिहायची गरज नाही. पोरांना वेळ पूर्ण मिळाला, कोणाचं नुकसान नाही. विद्यापीठाला कळवलं तर उगाच चौकशी लागेल."

"मी लिहिलं," सर म्हणाले आणि खिशातून चार कागद काढून टेबलावर ठेवले. मिनिटामिनिटाची नोंद, आपल्या हातानं लिहिलेली.

"अहो, पण का?"

सरांनी कागद त्यांच्याकडे सरकवले. "घड्याळ हळू करणारा माणूस वाईटच असते असं नाही, साहेब. लपवून करणारा वाईट असते. मी ब्याऐंशी पोराईचं घड्याळ हळू केलं. ते कागदावर पाह्यजे."

लिंबाखालची गोष्ट प्राचार्यांना माहीत नव्हती. मला माहीत होती.

प्राचार्यांनी कागद वाचले. "इथं लिहिलंय, 'घड्याळ भिंतीवरच्या घड्याळावरून लावले गेले.' कोणी लावलं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ज्यानं लावलं तो सांगन. उद्या बारापर्यंत त्यानं नाही सांगतलं, त मी सांगतो."

बाहेर आल्यावर वऱ्हांड्यात ते थांबले. "मॅडम, मी खोटं बोलणार नाही. तुमाले माहीत आहे."

"हो सर."

"पण उद्या बाराले लय टाइम आहे." आणि ते काळीपिवळीकडे चालू लागले. त्या दिवशी अकरावा माणूस बहुतेक तेच असणार.

मी घरी गेले. माझी नेमणूक वर्षावर्षाची. पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही हे प्राचार्यांच्या एका सहीवर. घरात माझा पगार येऊ लागून वर्षच झालं होतं. आई म्हणाली, चेहरा काहून उतरला? मी म्हटलं, डोकं दुखतं. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला सरांचा राग आला होता. एवढं मिनिटामिनिटाचं लिहिणाऱ्या माणसाला एक ओळ गाळता आली नसती का? 'लावले गेले' पर्यंत तर आलेच होते! पुढं गप्प बसले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं?

सकाळी उठले तेव्हा तो राग उरला नव्हता. त्यांनी मला गाळलं नव्हतं. माझी जागा माझ्यासाठी रिकामी ठेवली होती.

मी कॉलेजात गेले ती थेट प्राचार्यांच्या खोलीत. "सर, वेळ मी लावली. भिंतीवरचं घड्याळ पुढे असतं हे मला माहीत होतं."

त्यांनी एक कोरा कागद काढून दिला. मग म्हणाले, "लिहून द्या." मी लिहून दिलं.

चौकशी झाली. विद्यापीठाकडून तीन माणसं आली. त्यांनी सर्व्हरमधल्या नोंदी आणि सरांचे कागद शेजारी ठेवून दिवसभर जुळवले. एकाही पोराचं उत्तर हरवलं नव्हतं, एकालाही दोन तासांहून एक मिनिट कमी मिळालं नव्हतं. परीक्षा कायम राहिली. तांड्यावरची ती मुलगी दिवाळीनंतर आईबापासोबत गेली आणि निकाल लागला तेव्हा उसाच्या फडातून तिनं फोन केला, पास झाल्याचं सांगायला.

परवानगी न घेता परीक्षेच्या यंत्रणेला हात लावला म्हणून सरांना सर्व्हरवरून काढलं आणि चार महिने ग्रंथालयात पुस्तकांना बारकोडचे कागद चिकटवायला बसवलं. मला फार वाईट वाटलं. मी तिथं गेले तर सर डिंकानं भरलेले हात लांब धरून खुशीत बसलेले. "मॅडम, इथलं मशीन चार मिनिटं मागं आहे. आजवर कोणी पाह्यलंच नाही!"

आणि मला पुढच्या वर्षी घेतलं नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मला निरोपाचा चहा दिला, भाषणं झाली. सरांनी भाषण केलं नाही. जाताना विचारलं, "पुढं अर्ज कुठी करता?" मी दोन-तीन ठिकाणं सांगितली. त्यांनी ती वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली.

वर्षभर मी घरीच शिकवण्या घेतल्या. मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. पाच माणसं समोर बसलेली. माझं शिक्षण, अनुभव, सगळं विचारून झालं. मग मधल्या बाईंनी फाइलमधून एक कागद काढला.

"तुमच्या आधीच्या कॉलेजातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी हे पत्र पाठवलंय. आम्ही मागितलं नव्हतं." त्यांनी चष्मा लावला. "तीनच वाक्यं आहेत. 'या मॅडमनी आमच्या येथे एकदा मोठी चूक केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी त्यांनी ती स्वतः येऊन सांगितली. मुदत बारा वाजेपर्यंत होती.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "हे काय प्रकरण आहे?"

मी सगळं सांगितलं. भिंतीवरचं घड्याळ, सहा मिनिटं, नऊ हजार, चार कागद. अर्धा तास गेला असेल. बाहेर पुढचे उमेदवार ताटकळत होते.

तिथं मी आज सात वर्षं शिकवते आहे.

नेमणुकीचं पत्र हातात पडलं त्या दिवशी मी मेडशीला फोन केला. सर तोवर निवृत्त झाले होते, तूर पाहायला वावरात गेलेले होते. वारा ऐकू येत होता.

"सर, लागले मी. पण तुमचं पत्र त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं! माझ्या शिकवण्याबद्दल एक शब्द लिहिला नाही तुम्ही?"

"शिकवणं ते पाहून घेतीन," सर म्हणाले. "हे त्याईले मायाबिगर कोण सांगणार होतं?"